नळ आले

तुमसरात नळ सुरू होत नाहीत, नळ येतात. पहाटेच्या अंधारात कोणाची तरी हाक उठते, “नळ आले वं!” आणि गल्लीत गुंड-घागरींचा खणखणाट होतो. भिंतीतला नळ जागचा हललेला नसतो, तरी तो येतो आणि जातो. गेला की उरलेला दिवस भरून ठेवलेल्या पाण्यावर. या येण्याजाण्याबरोबर एक घरगुती शास्त्रही चालत आले आहे: पहिले पाणी धरायचे नाही. थोडे नालीत सोडायचे, रंग बघायचा, वास घ्यायचा, मग गुंड लावायचा. हे कुणा इंजिनिअरने शिकवलेले नाही. पण विचाराल तर तोही मान डोलावेल, का ते पुढे येईलच.

तुमसर म्हणजे भंडारा जिल्ह्यातली तांदळाची पेठ. मुंबई-हावडा मार्गावरचे तुमसर रोड स्टेशन गावात नाही, देव्हाडीला आहे. तिथून हावड्याकडे सुटलेली गाडी लगेच माडगीजवळ वैनगंगा ओलांडते. ही नदी मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात मुंडारा गावी उगवते आणि बालाघाटवरून मोठा वळसा घेत खाली येते. नागपूरची घाण नाग नदीतून कन्हानात जाते आणि कन्हान वैनगंगेला भेटते आंभोऱ्याला, तुमसरच्या बरीच खाली. भंडारेकर ज्या पाण्याच्या नावाने बोटे मोडतात ते इथवर उलटे चढत नाही. एवढे तरी नशीब. पण वरच्या अंगाचा पावसाळा काही चुकत नाही. २०२० च्या ऑगस्टअखेर वरच्या संजय सरोवर धरणातून पाणी सुटले, वैनगंगा फुगली आणि भंडारा शहराचे मोठे भाग पाण्याखाली गेले, ते कुणी विसरलेले नाही.

मृगानंतर नदीला ‘नवे पाणी’ येते, चहासारखे. ते नितळ करण्याचे काम तुरटीचे. किती तुरटी, हे अंदाजाने ठरवायचे नसते. शुद्धीकरण केंद्रात सहा चंचुपात्रांची ‘जार टेस्ट’ करतात: प्रत्येकात थोडी थोडी वाढती तुरटी, सारख्या वेगाने ढवळायचे, मग थांबायचे. ज्या पात्रात गढूळपणाचे पुंजके लवकर धरून तळाशी बसतात, ते त्या दिवसाचे प्रमाण. उद्या नदी बदलली की प्रमाण बदलले. उरलेसुरले वाळूच्या थरात अडकते. भारतीय मानक आयएस १०५०० म्हणते, गढूळपणा १ एककापर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर ५. पाणी दिसायला चांगले होते ते इथे. प्यायला चांगले व्हायचे अजून बाकी असते.

पुढचे काम पांढऱ्या पावडरीचे. सरकारी कागदांत ती ‘ब्लिचिंग पावडर’, गावोगावच्या तोंडी ‘टीसीएल’. तिचा जीव म्हणजे तिच्यातला उपयोगी क्लोरीन, ताजी असताना साधारण ३३ टक्के. पोत्याचे तोंड उघडे राहिले, खोलीत ओल आली की हा जीव गुपचूप उडून जातो. पावडर दिसायला पांढरीच राहते. थोडा हिशेब मांडून पाहू. २०११ च्या जनगणनेत तुमसरची वस्ती सुमारे ४५ हजार होती. भूमिगत गटारे असलेल्या शहरांसाठीचे माणशी १३५ लिटरचे माप धरले तर दिवसाला साठ लाख लिटर पाणी. लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा तर १२ किलो क्लोरीन, म्हणजे ताज्या पावडरीचे ३६ किलो. तीच पावडर शिळी होऊन २० टक्क्यांवर उतरली, तर त्याच ३६ किलोंतून हाती लागतो जेमतेम सव्वासात किलो. नोंदवहीत ‘३६ किलो टाकले’ असेच लिहिले जाणार आणि ते खोटेही नसणार.

म्हणून माझ्या मते या सगळ्या यंत्रणेचा आकडा ‘किती टाकले’ हा नाही, ‘किती उरले’ हा आहे. क्लोरीन पाण्यात पडला की आधी घाणीशी भांडण्यात खर्च होतो. किमान अर्धा तास त्याला मोकळा द्यावा लागतो. त्यातून जो शिल्लक राहील त्याने नळीतल्या वाटेवर राखण करायची. मानकाप्रमाणे ही शिल्लक ग्राहकाच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम हवी. म्हणजे साठ लाख लिटरांत सव्वा किलो. एवढ्या शिल्लकीवर अख्खे गाव विसंबून असते.

ही शिल्लक मोजायची पेटी छोटी, खिशात मावेल एवढी. एक काचनळी, एक थेंबाची बाटली, रंगांची पट्टी. बाटलीत ऑर्थोटोलिडिन. तोंडी नाव ‘ओटी’. आरोग्यसेवक गावात शिरला की “ओटी केली का?” हाच पहिला प्रश्न. एक मिलिलिटर पाण्याला ०.१ मिलिलिटर द्रावण घालायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळे होते. पहिल्या दहा सेकंदांत दिसणारा पिवळा रंग मोकळ्या क्लोरीनचा. पंधरा-वीस मिनिटांनी बघाल तर त्यात अमोनियाशी बांधला गेलेला, मंदावलेला क्लोरीनही मिसळलेला दिसेल. त्यामुळे नळी हातात धरून चहा पीत बसणाऱ्याला पाणी आहे त्याहून चांगले दिसते.

आणि इथेच तुमसर तालुक्याची एक गंमत आहे. तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी. डोंगरीचे मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या सेलात जाते. आता ओटीचा जुना दोष असा की लोह, नायट्राइट आणि ऑक्सिडीकरण झालेले मँगनीज यांच्यानेही ती पिवळी पडते. क्लोरीनचा टिपूस नसलेले पाणी ‘मी सुरक्षित’ म्हणून सांगू शकते. यावर उतारा म्हणून सोडियम आर्सेनाइट वापरून करायची ‘ओटीए’ चाचणी निघाली. ती खरा पिवळा आणि खोटा पिवळा वेगळे काढते. तुमसरच्या नळात मँगनीज आहे असे मी म्हणत नाही. पण खाणपट्ट्यातल्या विहिरीपाशी उभे राहून काचनळीत पिवळा दिसला, तर मी तरी दुसऱ्यांदा विचारीन. शिवाय हे द्रावण स्वतःच कर्करोगकारक असल्याचा संशय आहे, आणि जगात बऱ्याच ठिकाणी त्याची जागा गुलाबी रंग देणाऱ्या डीपीडीने घेतली आहे. आपल्याकडे ओटी तग धरून आहे, कारण ती स्वस्त आहे आणि सगळ्यांच्या हाताला बसलेली आहे.

तर पहिले पाणी का सोडायचे? पुरवठा थांबला की नळीतला दाब उतरतो. लहान शहरात घराकडे येणारी नळी नालीतून, कधी नालीच्या कडेने येते. सांधा झिजलेला असेल तर दाब असताना पाणी बाहेर गळते. दाब गेला की बाहेरचे आत येते. त्यात कोणी नळाला थेट टुल्लू पंप लावला की तो शेजाऱ्याचे पाणी ओढतो, आणि सोबत नालीचेही. चोवीस तास पुरवठा ही चैन वाटते, पण तिचा खरा फायदा हाच: नळी कधी रिकामी राहत नाही. कराडजवळच्या मलकापूरने हे छोट्या गावातही जमते, असे मीटर लावून दाखवले आहे.

नळीने काय आणता येते याची उदाहरणे तुमसरची नाहीत, पण लांबचीही नाहीत. १९५५ च्या शेवटी पुरानंतर यमुनेचा प्रवाह सरकला, नजफगड नाल्याची घाण दिल्लीच्या वझिराबाद उपसा केंद्रापाशी आली. क्लोरीन वाढवला गेला. टायफॉइड, हगवण वाढली नाही, पण सुमारे २९ हजार जणांना कावीळ झाली. पुढे कळले ती हिपॅटायटिस ‘ई’ होती. म्हणजे क्लोरीनलाही मर्यादा आहे, गढूळ पाण्यात तर फारच. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीला पंचगंगेच्या काठी हीच कावीळ घरोघर गेली. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रोड भागात ‘जीबीएस’ या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा पहिली बोटे पाण्याकडेच वळली.

हे झाले नळाचे; विहिरीत क्लोरीन सतत राहावा कसा, याचे उत्तर नागपूरनेच शोधले होते, आणि मला ते फार आवडते. १९५८ मध्ये तिथे स्थापन झालेल्या संस्थेने, जिला आपण आज ‘नीरी’ म्हणतो, दोन मडक्यांचे यंत्र काढले. एका मडक्यात दुसरे. आतल्यात एक किलो ब्लिचिंग पावडर आणि दोन किलो जाडी वाळू, किंचित ओली करून. दोन्ही मडक्यांना एकेक सेंटिमीटरचे भोक. सगळे दोरीने विहिरीत पाण्याखाली मीटरभर सोडायचे. साडेचार हजार लिटरची घरगुती विहीर असेल आणि रोज चारशेएक लिटर उपसा असेल, तर दोन-तीन आठवडे क्लोरीन झिरपत राहतो. वीज नाही, चक्री नाही, कुंभाराकडचा माल. आज खेड्यांत जलसुरक्षक नेमलेला असतो, वर्षातून दोनदा पाणीस्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. मडके मात्र फारसे दिसत नाही.

घरात आलेल्या पाण्याचे पुढे काय होते, यावर भंडाऱ्याने खरे तर बोलायला हवे. जिल्ह्याचे नावच पितळेसाठी. आमच्याकडचा पिण्याच्या पाण्याचा गुंड पितळेचा असे, चिंच-राखेने घासलेला, सोन्यासारखा. २००५ मध्ये इंग्लंडच्या रॉब रीड यांनी पंजाब विद्यापीठातल्या सहकाऱ्यांबरोबर तपासले, तेव्हा पितळी भांड्यात ठेवलेले ई-कोलाय जंतू ४८ तासांत सापडेनासे झाले. पितळेतले तांबे पाण्यात अगदी सूक्ष्म उतरते, तेवढे जंतूंना पुरते. प्लास्टिकच्या भांड्यात तसे घडले नाही. आता घरोघरी निळे कॅन आहेत, आणि वीस रुपयांना भरून मिळणारे थंड पाणी. त्या पाण्याची ओटी कोणी करताना मी पाहिलेले नाही. गुंड देवघराजवळ शोभेला आहे, किंवा मोडीत गेला आहे.

तपासणीचा नमुना टाकीपाशी घेतला तर तो चांगलाच निघणार. घ्यायचा तो जलवाहिनीच्या शेवटच्या घरी, जिथे नळ सगळ्यांत उशिरा येतात आणि आधी जातात. पाणी थोडा वेळ वाहू द्यायचे, काचनळी भरायची, थेंब टाकायचा, आणि घरातली बाई दारात गुंड घेऊन उभी असताना मनात दहापर्यंत मोजायचे.