सरथ (पायदळ लढाऊ वाहन)

सरथ हे भारतीय भूसेनेच्या यांत्रिकी पायदळाचे साखळीपट्ट्यांवर चालणारे, पाण्यावर तरंगू शकणारे चिलखती लढाऊ वाहन आहे. सोव्हिएत संघाच्या बीएमपी-२ या वाहनाची ही परवान्याने भारतात बनविलेली आवृत्ती होय. संस्कृतात ‘सरथ’ म्हणजे रथासहित. सैनिकी लेखनात मात्र या नावाचा अर्थ ‘विजयरथ’ असा दिला जातो. प्रत्यक्षात जवान त्याला ‘बीएमपी’ असेच म्हणतात.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात पायदळ ट्रकमधून किंवा अर्धचिलखती गाड्यांतून रणांगणाच्या कडेपर्यंत जाई आणि पुढे पायी लढे. रणगाड्यांच्या वेगाशी त्याचा मेळ बसत नसे. सैनिकांना केवळ वाहून न नेता त्यांच्या बरोबरीने लढणारे वाहन हवे, या गरजेतून सोव्हिएत संघाने बीएमपी-१ तयार केले. नोव्हेंबर १९६७ मध्ये मॉस्कोतील संचलनात ते प्रथम जगासमोर आले. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात त्याच्या ७३ मिमी तोफेच्या मर्यादा उघड झाल्या. दूरवर मारा करताना तिचा नेम चुके आणि नळी फारशी उंच उचलता येत नसे. १९८० मध्ये सेवेत आलेल्या बीएमपी-२ मध्ये या उणिवा दूर करण्याचा प्रयत्न झाला. तिथे ३० मिमी स्वयंचलित तोफ आली आणि वाहनप्रमुखाची जागा सांगाड्यातून टरेटमध्ये, म्हणजे फिरत्या बुरुजात, हलविण्यात आली. ही तोफ ७४ अंशांपर्यंत उंचावता येते. डोंगराच्या माथ्यावरील शत्रूवर किंवा हेलिकॉप्टरवर गोळीबार करण्यास ही सोय उपयोगी पडते, आणि हिमालयात लढणाऱ्या सैन्याच्या दृष्टीने ती गौण नाही.

भारताने आधी बीएमपी-१ घेतले होते. २ एप्रिल १९७९ रोजी यांत्रिकी पायदळ रेजिमेंटची स्थापना झाली. तिचे शिल्पकार मानले जाणारे जनरल के. सुंदरजी मूळचे महार रेजिमेंटचे अधिकारी होते. रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे आहे. बीएमपी वापरणाऱ्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र नागपूरजवळ कामठी येथे आहे. अशा रीतीने या वाहनाशी संबंधित दोन्ही रेजिमेंटांची केंद्रे महाराष्ट्रात आहेत.

रचना

सरथचे वजन सुमारे १४.३ टन भरते. टी-७२ रणगाड्याचे वजन ४१ टनांच्या आसपास असते. एवढे हलके असल्यामुळेच ते कोणतीही पूर्वतयारी न लागणाऱ्या काही मोजक्या हालचालींनंतर नदी पार करू शकते: पुढची लाटरोधक फळी उघडायची, पंप सुरू करायचे आणि साखळीपट्ट्यांच्या फिरण्यावरच पाणी कापत जायचे. रस्त्यावर त्याचा वेग ताशी ६५ किमी, पाण्यात ताशी ७ किमी असतो. चालक, तोफची व वाहनप्रमुख असे तिघे आणि मागील भागात सात जवान त्यात बसतात. तोफेसाठी ५०० गोळ्या, जोडीला ७.६२ मिमी मशीनगन आणि टरेटवर सुमारे ४ किमी पल्ल्याचे कॉन्कुर्स हे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र अशी शस्त्रसज्जता असते.

या हलकेपणाची किंमत मात्र मागे बसलेल्या सात जणांना मोजावी लागते. बाजूचे चिलखत रायफलीच्या गोळ्या व तोफगोळ्यांच्या किरचा अडवते. रणगाडाभेदी अस्त्रापुढे किंवा मोठ्या सुरुंगापुढे त्याचा टिकाव लागत नाही. मागचे दोन दरवाजे पोकळ असून त्यांतही इंधन भरलेले असते. चिलखत वाढवावे, तर वाहन बुडते. तरंगत ठेवावे, तर चिलखत पातळ राहते. सरथचे पुढील सर्व प्रकार व सुधारणा याच पेचातून घडल्या आहेत.

भारतातील उत्पादन

आजच्या तेलंगणातील येद्दुमैलारम येथे मेदक आयुध निर्माणीची पायाभरणी १९८४ मध्ये झाली. सुट्या भागांतून जोडलेले पहिले वाहन १९८७ मध्ये बाहेर पडले. पुढे बहुतेक भाग देशातच तयार होऊ लागले. १ ऑक्टोबर २०२१ पासून ही निर्माणी आर्मर्ड व्हेइकल्स निगम लिमिटेडकडे आहे. जून २०२० मध्ये १५६ सुधारित वाहनांची सुमारे १,०९४ कोटी रुपयांची मागणी नोंदविण्यात आली. मूळच्या ३०० अश्वशक्तीच्या जागी त्यांत २८५ किलोवॅटचे, म्हणजे सुमारे ३८० अश्वशक्तीचे, इंजिन आहे.

प्रकार

सरथचा सांगाडा भारतीय अभियंत्यांनी मूळ वाहनापेक्षाही अधिक उपयोगात आणला. उखळी तोफवाहक प्रकारात टरेट काढून ८१ मिमी उखळी तोफ आत बसवली आहे. ती छतावरील झडपांमधून मारा करते आणि गरज पडल्यास खाली उतरवून जमिनीवरही मांडता येते. चिलखती रुग्णवाहिकेत टरेट आहे, पण तोफ नाही. मागे चार स्ट्रेचरांची सोय केलेली आहे. चिलखती उभयचर डोझर नदीकाठाचे चढउतार सपाट करण्यासाठी आहे. चिखलात रुतल्यास तो अग्निबाणाच्या जोरावर नांगर दूर फेकतो आणि विंचने स्वतःलाच ओढून काढतो.

अभियंत्यांचे टेहळणी वाहन हा यांतला विशेष उल्लेखनीय प्रकार होय. पूल टाकण्याआधी नदीची खोली, प्रवाहाचा वेग, तळाची व काठाची माती किती भार पेलेल हे जाणून घ्यावे लागते. पूर्वी हे काम जवान शत्रूच्या माऱ्यात उघड्यावर करीत. या वाहनामुळे ते चिलखताच्या आडून करता येते. डीआरडीओने आराखडा केलेली आणि मेदक निर्माणी व भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या पुणे विभागाने बनवलेली या वाहनाची नवी पिढी डिसेंबर २०२१ मध्ये पुण्यात अभियंता दलाला देण्यात आली. अण्वस्त्र, जैविक व रासायनिक प्रदूषण शोधणाऱ्या टेहळणी वाहनाच्या विकासात अहिल्यानगरच्या वाहन संशोधन व विकास संस्थेचा वाटा आहे.

नाग क्षेपणास्त्राचे वाहक ‘नामिका’ याच सांगाड्यावर उभे आहे. नाग क्षेपणास्त्रातील धूर न सोडणारे इंधन पुण्यातील पाषाण परिसरातल्या उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने विकसित केले. मार्च २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने या प्रणालीसाठी सुमारे १,८०१ कोटी रुपयांचा करार केला. आकाश क्षेपणास्त्राचे पहिले स्वयंचलित प्रक्षेपक व राजेंद्र रडार यांसाठी हाच सांगाडा लांबवून सात चाकांचा करण्यात आला होता. दिघी येथील संशोधन व विकास संस्थेने (अभियांत्रिकी) आकाशच्या प्रक्षेपकावर काम केले. भूसेनेने आपल्या आकाश प्रणालीसाठी पुढे टी-७२ चा सांगाडा निवडला.

सेवा आणि उत्तराधिकारी

काँगोमधील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय तुकड्यांनी बीएमपी-२ वापरले. २०२० पासून पूर्व लडाखमध्येही ही वाहने तैनात आहेत. विरळ हवेत इंजिनाची शक्ती घटते, म्हणून तेथे जास्त ताकदीच्या इंजिनाची गरज अधिक तीव्रतेने जाणवते.

सरथची जागा घेण्यासाठी डीआरडीओने ४० मिमी तोफ असलेले ‘अभय’ हे तंत्रप्रदर्शक वाहन तयार केले होते. त्याचे उत्पादन झाले नाही. त्यानंतर भविष्यकालीन पायदळ लढाऊ वाहनाची योजना आली. २०१० पासून तिचे प्रस्ताव मागविले गेले, मागे घेतले गेले व पुन्हा मागविले गेले. जून २०२१ मध्ये भूसेनेने १,७५० वाहनांसाठी नव्याने माहिती मागविली.