एका गावात दोन बिशप

दर जानेवारीत १८ ते २५ तारखेला ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह असतो. कॅथलिक फादर, सीएनआयचे पाळक, मेथडिस्ट, मार थोमा अशी मंडळी एकत्र बसतात, गातात, चहा घेतात आणि वर्षभरासाठी आपापल्या वाटेला लागतात. सप्ताहाला नावं ठेवायची नाहीत. पण अंधेरी-बोरिवलीकडच्या ख्रिस्ती एकीचा आढावा घ्यायचा, तर कराराचे कागद आणि कोर्टाचे निकाल उघडावे लागतात.

सुरुवात भांडणापासून. १५३४ साली वसईबरोबर साष्टी, म्हणजे ही उपनगरं ज्यावर आहेत ते बेट, पोर्तुगीजांकडे गेली आणि इथले कोळी, कुणबी, भंडारी गोव्याच्या छत्राखाली ख्रिस्ती झाले. पुढे मुंबई बेटावर इंग्रज आले. त्यांना पोर्तुगीज पाद्र्यांच्या निष्ठेचा भरवसा वाटेना, म्हणून १७२० मध्ये त्यांना घालवून कार्मेलाइट संघाच्या पाद्र्यांना बोलावलं. तिथून दोन तट पडले. पोर्तुगालच्या राजाचा हक्क मानणारा तो पाद्रोआदो, थेट रोमचा अंमल मानणारा तो प्रोपगांडा. १७९४ मध्ये बेटावरच्या चर्चची निम्मी-निम्मी वाटणी झाली. १८५३ मध्ये तर प्रोपगांडाचे बिशप हार्टमन माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये आपल्या माणसांसह ठाण मांडून बसले आणि बाहेर विरोधकांचा वेढा! वांद्र्यात सेंट अँड्र्यूज एका तटाचं, सेंट पीटर्स दुसऱ्याचं. मिस्सा तीच, लॅटिन तीच, श्रद्धेत काडीचा फरक नाही. वाद एवढाच की सही कोणाची चालणार. तो मिटला १९२८ मध्ये, रोम आणि लिस्बन यांच्यातल्या कराराने: दुहेरी अंमल बंद, आर्चबिशप आळीपाळीने एक पोर्तुगीज, एक ब्रिटिश. १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस हे पहिले भारतीय आर्चबिशप झाले, तेव्हा ही पाळीही संपली.

भांडण चालू असतानाच, १८८७ मध्ये, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन निघाली. 'पोर्तुगीज ख्रिश्चन' हे जुनं नाव नोकरीच्या बाजारात अडचणीचं ठरत होतं, कारण गोव्याहून येणारेही त्याच नावाने ओळखले जात. इंग्लंडच्या राणीच्या ज्युबिलीचा मुहूर्त साधून भूमिपुत्रांनी 'ईस्ट इंडियन' हे नवं नाव घेतलं. म्हणजे एकी झाली ती गोवेकरांपासून वेगळं दिसण्यासाठी. मला यात वावगं वाटत नाही. पोटाचा प्रश्न होता.

प्रोटेस्टंटांची कथा जास्त शिकवणारी. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथ विलीन होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झालं. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी मागे सरले, ते आजही वेगळेच. मनं जुळली तरी सातबारा जुळायला वेळ लागतो. गुजरातमधल्या ब्रदरन चर्चच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ मध्ये निकाल लागला की नुसत्या विलीनीकरणाच्या ठरावाने जुनी संस्था कायद्याने संपत नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी ही कटकट आधीच ओळखली असावी. १९१७ मध्ये मिशन सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. दोनच वर्षांत ते गेले, आणि त्या दरबाराला पुढे बळ राहिलं नाही.

गंमत पुढे आहे. ३० एप्रिल १९८८ रोजी केरळच्या सिरो-मलबार परंपरेच्या कॅथलिकांसाठी कल्याणचा धर्मप्रांत झाला. आज मुलुंडच्या एकाच इमारतीत मल्याळी कुटुंब कल्याणच्या आर्चबिशपांचं आणि शेजारचं ईस्ट इंडियन किंवा मंगळुरी कुटुंब मुंबईच्या आर्चबिशपांचं असू शकतं. ज्या दुहेरी अंमलापायी माहीमला वेढा पडला, तोच वेगळ्या रूपात परत आला आणि कोणी दार लावून बसलं नाही. कारण या वेळी दोन्हीकडचे हक्क आधी लिहून ठरले होते.

कागदाबाहेरची एकी बघायची तर मे महिन्यात आंबोली-मरोळच्या गावठाणांत जावं. नाक्यावरचे क्रूस, त्यांतले कितीतरी १८९६ च्या प्लेगनंतरचे, रंगवून फुलांनी सजवतात. मेणबत्त्या लागतात, लितानी होते आणि मग उकडलेले चणे वाटतात. मारियेची प्रार्थना न म्हणणारा प्रोटेस्टंट शेजारी मागे उभा असतो. चणे मात्र तोही ओंजळीत घेतो. हिंदू कोळणीही येतात. गावठाणाची हद्द मोजायची, नकाशावर झोपडपट्टी म्हणून लागलेला शिक्का पुसायचा, तर अर्जावर सह्या याच सगळ्यांच्या लागतात, आणि तिथे बिशप कोणाचा हे कोणी विचारत नाही.