जुन्या पल्सरला नवा चिमटा : आधी माप, मग हौस

दारात उभ्या असलेल्या मोटारसायकलकडे घरातला प्रत्येकजण वेगळ्या नजरेने पाहतो. मुलाला तिचा रुबाब दिसतो, बापाला तिचे फेडलेले हप्ते दिसतात आणि आईला तिच्यावरचा मागचा सीट दिसतो, कारण तिथे बसायचे असते ते तिलाच. या तीन नजरा एका गाडीवर कशा येऊन मिळतात, याची ही हकीकत आहे.

आमच्या ओळखीचे एक कुटुंब भोसरीला राहते. वडील तीस वर्षे लेथवर काम करून निवृत्त झाले. घरात 2008 साली घेतलेली पल्सर 150 आहे. याच गाडीवर बसून मुलगा शाळेत गेला, याच गाडीवरून मुलीच्या लग्नाच्या पत्रिका वाटल्या गेल्या आणि आज हाच मुलगा पहाटे साडेपाचला आईला कंपनीच्या बसथांब्यावर सोडतो.

काही दिवसांपासून गाडी मागून लहरू लागली होती. वळणावर चाक आपले आपण सरकल्यासारखे वाटे. मुलाने मित्रांना विचारले. मित्रांनी सांगितले, "तुझा चिमटा जुना झाला. टू-ट्वेंटीचा टाक. गाडी जागेवरून हलणार नाही, आणि मागून दिसतेही भारी." मुलाने भंगारवाल्याकडून 220 चा चिमटा ठरवून आणला आणि गॅरेजमध्ये नेऊन ठेवला. वडिलांना कळले तेव्हा ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बसव. पण आधी माझा व्हर्नियर घेऊन ये."

चिमटा करतो काय?

इंग्रजीत ज्याला स्विंग आर्म म्हणतात, त्याला आपल्याकडचे मिस्त्री चिमटा म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे. त्याच्या दोन पायांच्या मध्ये मागचे चाक धरलेले असते. पुढचे टोक एका लांब बोल्टने चेसिसला जोडलेले असते. त्या बोल्टभोवती चिमटा वरखाली होतो आणि दोन्ही बाजूंचे शॉकअप त्याला आवरून धरतात. मागे बसणाऱ्याचे वजन, चेनची ओढ आणि मागच्या ब्रेकचा ताण, हे तिन्ही शेवटी याच लोखंडावर येतात.

बजाजची पल्सर 150 आणि 180 ही जोडी नोव्हेंबर 2001 मध्ये बाजारात आली. पुढे 2007 मध्ये पल्सर 220 आली. तिला मागे डिस्क ब्रेक होता, चिमटा लंबगोल नळीचा होता आणि टायर रुंद होता. त्या काळातल्या 150 चा मागचा टायर 100/90-17, तर 220 चा 120/80-17. म्हणजे एक 100 मिलिमीटर रुंद, दुसरा 120. रुंद टायर आणि जाडजूड चिमटा पाहून जुन्या गाडीच्या मालकाला मोह पडणे साहजिक आहे. दोन्ही गाड्या एकाच घराण्यातल्या असल्यामुळे "बसून जाईल" असेही वाटते. बसतोही पुष्कळदा. पण बसणे वेगळे आणि जुळणे वेगळे.

काय काय मोजावे?

वडिलांनी गॅरेजमध्ये बसून एकेक माप घेतले आणि मुलाला वहीत लिहायला लावले. ती वही आपल्या तरुणांच्याही उपयोगाची आहे.

1. चेसिसला जोडणारा बोल्ट. त्याची जाडी, चिमट्याच्या पुढच्या नळीची रुंदी आणि चेसिसमधली मोकळी जागा ही तिन्ही मापे जुळली पाहिजेत. जागा जास्त असेल तर कुठलेही वॉशर भरून चालत नाही, लेथवर नेमक्या मापाची कॉलर करून घ्यावी लागते. जागा कमी असेल म्हणून चेसिस घासायला घेणे हा तर गुन्हाच समजावा.

2. चेनची रेषा. इंजिनाचे पुढचे चक्र आणि चाकाचे मागचे चक्र एका सरळ रेषेत हवे. चाक दोन-चार मिलिमीटर बाजूला गेले तरी चेन तिरकी ओढते, लवकर झिजते आणि एखाद्या दिवशी उतरते. चेनचा नंबरही पाहावा. 428 नंबरच्या चेनचा टप्पा 12.7 मिलिमीटर असतो आणि 520 च्या चेनचा 15.875. नंबर बदलला की पुढचे-मागचे दोन्ही चक्र बदलावे लागतात.

3. ब्रेक. ड्रम ब्रेकच्या प्लेटला एक आडवी दांडी चिमट्याशी बांधलेली असते. ब्रेक दाबल्यावर ती प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून ही दांडी असते. डिस्कच्या चिमट्यावर या दांडीची जागा सापडेलच असे नाही. ती दांडी तारेने किंवा घरगुती वेल्डिंगने बांधली आणि सुटली, तर प्लेट फिरते आणि चाक जाम होते. डिस्क घ्यायची तर कॅलिपर, त्याचा ब्रॅकेट, मास्टर सिलेंडर, पाइप, पायाचा ब्रेक आणि दिव्याचा स्विच असा सगळा संच घ्यावा लागतो.

4. शॉकअपची जागा. इथे वडिलांनी सोपा हिशोब मांडला. समजा, बोल्टपासून शॉकअप 40 सेंटिमीटरवर आहे आणि चाकाचा एक्सल 45 वर आहे. चाकावर 80 किलोचा भार आला, तर शॉकअपच्या जोडीवर 90 किलोचा भार येतो. एक्सल 48 वर नेला आणि शॉकअपची जागा तीच ठेवली, तर तोच भार 96 किलो होतो. म्हणजे चिमटा लांब केला की शॉकअप न बदलताही मऊ पडतो. एकटा मुलगा चालवेल तेव्हा ते जाणवणार नाही. मागे आई बसली आणि खड्डा आला की जाणवेल.

5. टायर आणि आजूबाजूची जागा. रुंद टायर चेनला, मडगार्डला किंवा ब्रेकच्या दांडीला घासत नाही ना, हे सीटवर दोन माणसे बसवून पाहावे.

कंपनीनेही 2018 मध्ये पल्सर 150 ला मागे डिस्क दिली, पण ती एकटी दिली नाही. त्या गाडीला पुढचे फोर्क जाड दिले, दोन्ही टायर रुंद केले आणि दोन चाकांमधले अंतरही वाढवले. कारखान्यात शिकलेले लोक जी गोष्ट संचाने बदलतात, ती आपण एकेक सुटी करून बदलू नये, एवढा धडा त्यातून घ्यावा.

टेबलावर काय दिसले?

मापे बरीचशी जुळत आली होती. मुलाचा चेहरा खुलला होता. मग वडील तो चिमटा घेऊन आपल्या जुन्या वर्कशॉपमध्ये गेले आणि सपाट टेबलावर ठेवला. पुढच्या नळीत एक सरळ सळई घातली, मागे एक्सलच्या जागी दुसरी घातली. दोन्ही सळया समांतर असायला हव्या होत्या. मागच्या सळईचे एक टोक दुसऱ्यापेक्षा चार मिलिमीटर वर होते. रंगाखाली बारीक तडाही दिसला. गाडी कुठेतरी जोरात आदळलेली होती. चिमटा पिळला गेला होता आणि वरून काळा रंग मारून विकायला आला होता.

असा चिमटा बसवला असता तर चाक कायमचे एका बाजूला कललेले राहिले असते. चेनच्या ताणाने आणि दोघांच्या वजनाने तो तडा वाढत गेला असता. मिस्त्री म्हणाला, "काका, गरम करून सरळ करू का?" वडील म्हणाले, "नको. एकदा पिळलेल्या लोखंडावर मी माझी बायको बसवणार नाही."

मुलगा थोडा वेळ गप्प होता. मग त्याने जुना चिमटा उतरवला. आतले बुश पार झिजले होते. बोल्ट हाताने हलत होता. गाडी लहरत होती ती एवढ्याचसाठी. नवे बुश आणि नवा बोल्ट आणला, ग्रीस भरले, चाक रेषेत लावले. चिमट्याच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ होता. दुसऱ्या दिवशी पहाटे आई म्हणाली, "आज गाडी बरी चालली."

कायद्याचेही पाहावे

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. दोन चाकांमधले अंतर हा नोंदणीतला तपशील आहे आणि लांब चिमट्याने तो बदलतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182 अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी तपासली जाते, तेव्हाही अडचण येऊ शकते. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात वाद निघू शकतो. म्हणून असा बदल करण्याआधी आरटीओ कार्यालयात विचारून घ्यावे. नंतर विचारण्यात अर्थ नाही.

हौस करू नये असे कोणी म्हणत नाही. आपल्या मुलांच्या हातात कसब आहे, आणि स्वतःच्या हाताने यंत्र उघडून पाहणारा मुलगा मोबाईलमध्ये डोके घालून बसलेल्या मुलापेक्षा कितीतरी पुढे असतो. पण कसब पान्यापासून सुरू होत नाही, मापापासून सुरू होते. भोसरीच्या त्या मुलाने आता वडिलांचा व्हर्नियर आपल्याकडे ठेवून घेतला आहे, ही या हकीकतीतली आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट.

येत्या रविवारी आपल्या घरच्या गाडीचेही एक काम करावे. गाडी मधल्या स्टँडवर लावावी. एकाने पुढून घट्ट धरावी. दुसऱ्याने मागचे चाक दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावे. चाकासकट चिमटा बोल्टापाशी खडखडला, तर बुश गेले आहेत. चिमटा स्थिर राहून नुसते चाक हलले, तर चाकाचे बेअरिंग पाहावे. या तपासणीला एक पैसाही लागत नाही, आणि मागे बसणाऱ्या माणसाला ती सांगून करावी.