वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर जेवल्यावरच साखर का घसरते?

नाश्ता होऊन दोन तासही झालेले नसतात आणि हात थरथरू लागतात, दरदरून घाम फुटतो, डोळ्यांसमोर अंधारी येते. बेरिअॅट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेल्या काही जणांना हा त्रास होतो. अशक्तपणा किंवा टेन्शन म्हणून तो अनेकदा सोडून दिला जातो. पण कारण रक्तातली घसरलेली साखर असू शकतं.

नेमकं काय होतं?

गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराचा छोटा भाग थेट लहान आतड्याला जोडतात. त्यामुळे अन्न झपाट्याने आतड्यात उतरतं आणि साखर एकदम वाढते. आतड्यातून जीएलपी-१ हे हार्मोन जास्त स्रवतं, स्वादुपिंड गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं आणि साखर खाली येते. स्लीव्ह ऑपरेशननंतरही असं होऊ शकतं.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये बायपासनंतरच्या अशा सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आणि या त्रासाकडे लक्ष वेधलं गेलं.

कसं ओळखायचं?

हा त्रास बहुतेकदा ऑपरेशनला वर्ष उलटल्यावर सुरू होतो आणि जेवणानंतर एक ते तीन तासांत जाणवतो. जेवल्यावर अर्ध्या तासातच मळमळ, जुलाब, धडधड होत असेल, तर ते 'डम्पिंग' असू शकतं. उपाशीपोटी साखर घसरत असेल, तर वेगळं कारण शोधावं लागतं.

त्रास होतानाच ग्लुकोमीटरवर साखर तपासा. ७० मिलिग्रॅमच्या खाली ती कमी, ५४ च्या खाली गंभीर मानतात.

त्या वेळी काय करायचं?

गाडी चालवत असाल तर आधी थांबा. १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अकार्बोजची गोळी सुरू असेल, तर साध्या साखरेचा परिणाम उशिरा होतो, ग्लुकोजच लागतं. साखर सावरल्यावर पनीर किंवा अंडं खा, नाहीतर ती पुन्हा घसरू शकते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच दवाखान्यात न्या.

टाळता येतं का?

बऱ्याच जणांना आहारातल्या बदलाने फरक पडतो. उसाचा रस, गोड चहा, साबुदाणा खिचडी टाळायची. ताटातली उसळ, अंडं, पनीर आधी, भात-पोळी नंतर आणि थोडीच. पाणी जेवणासोबत न पिता नंतर प्यायचं. तरीही त्रास थांबला नाही, तर औषधं आहेत. डॉक्टरांकडे जाताना काय खाल्लं, किती वाजता त्रास झाला आणि साखर किती होती, हे लिहून न्या. निदान त्यावरच ठरतं.