दुसऱ्याच्या आवाजातली बाई

‘ही मुलगी कुठली?’ असं विचारलं की आपल्याकडे उत्तर येतं, ‘कोल्हापूरची.’ आणि ‘ही कुणाची?’ असं विचारलं की, ‘जोशांची.’ प्रत्यय तोच. गावाचं नातं आणि मालकीचं नातं आपण एकाच ‘ची’मध्ये बसवून टाकलं आहे. फ्रेंचांकडेही ‘द’ हा एवढासा शब्द ही दोन्ही कामं करतो. १९६६ साली सेनेगलच्या उस्मान सेम्बेन यांनी एक चित्रपट काढला, त्याचं नाव ‘ला न्वार द...’. म्हणजे ‘...ची काळी मुलगी’. पुढं टिंबं. डाकारची म्हणा, नाहीतर मालकिणीची म्हणा. इंग्रजीत त्याचं नुसतं ‘ब्लॅक गर्ल’ झालं आणि त्या टिंबांतली सगळी गोष्ट सांडून गेली.

त्या मुलीचं काम करणारी नटी म्हणजे म्बिसीन तेरेझ दियोप. डाकारमध्ये दिवसा शिवणकाम करायची आणि संध्याकाळी नाटकाच्या वर्गाला जायची. पडद्यावर ती पहिल्यांदा आली ती याच चित्रपटात, आणि थेट नायिका म्हणून. मी तिला पाहिलं ते फार उशिरा, म्हणजे बँकेतून निवृत्त झाल्यावर. चित्रपटाची जुनी प्रत २०१५ मध्ये दुरुस्त होऊन नवी निघाली होती. ती माझ्या लेकीनं एका रविवारी दुपारी संगणकावर लावून दिली. ‘बाबा, तासाभराचाच आहे, झोपू नका,’ असं बजावून.

झोप कसली येते! द्युआना नावाची गरीब मुलगी डाकारमध्ये कामाच्या शोधात असते. गोऱ्या बायका मोलकरीण निवडायला येतात ती एक ठरलेली जागा असते, तिथं ती इतरजणींबरोबर बसून राहते. मालकीण आल्यावर बाकीच्या सगळ्या पुढं धावतात, ही जागची हलत नाही. म्हणूनच तिची निवड होते. पुढं नवरा-बायको तिला फ्रान्समध्ये समुद्रकाठच्या आँतीब गावी बोलावून घेतात. मुलं सांभाळायची, असं सांगितलेलं. प्रत्यक्षात स्वयंपाक, धुणं, झाडलोट. चांगला झगा आणि उंच टाचांचे जोडे घालून ती फरशी पुसते, तेव्हा मालकीण म्हणते, जोडे काढ, तू मोलकरीण आहेस. फ्रान्स म्हणून तिला दिसतं ते स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि खिडकीतून थोडा किनारा.

गोष्टीचा शेवट वाईट आहे. ती न्हाणीघरात जीव देते. वर्तमानपत्रात आलेल्या अशाच एका मोलकरणीच्या बातमीवरून सेम्बेन यांनी आधी कथा लिहिली आणि मग चित्रपट केला. हे गृहस्थ स्वतः मार्सेयच्या गोदीत हमाली केलेले. आपल्या देशात पुस्तक वाचणारे थोडे, पाहणारे पुष्कळ, हे ओळखून ते चाळिशीच्या आसपास सिनेमाकडं वळले. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या दिग्दर्शकाचा, जगानं दखल घेतलेला हा पहिला मोठा कथाचित्रपट, असं मानतात. त्याला १९६६ मध्ये फ्रान्सचा ‘झाँ व्हिगो’ पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ट्युनिशियात, कार्थेजच्या पहिल्याच महोत्सवात, सर्वोच्च पारितोषिकही.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. चित्रपटभर आपल्याला द्युआनाचं मन ऐकू येतं. तोंडानं ती ‘हो, बाईसाहेब’, ‘हो, साहेब’ यापलीकडं फारसं बोलत नाही. बाकी सगळं मनातलं, आणि तेही फ्रेंचमध्ये. तो आवाज म्बिसीन दियोप यांचा नाही. चित्रण मुकं करून आवाज मागाहून चढवले, आणि द्युआनासाठी तोतो बिसँत या हैतीच्या गायिका-अभिनेत्रीचा आवाज वापरला. सुंदर आवाज आहे, तक्रार नाही. पण जिला बोलू दिलं जात नाही अशा मुलीची ही गोष्ट, आणि तिचं काम करणारीचाही आवाज पडद्यावर नाही! मग दियोपबाईंच्या हाती उरतं काय? पाठीचा ताठा, जोडे काढतानाची पावलं, आणि घरच्या भिंतीवरचा मुखवटा परत घेताना मालकिणीशी झालेली ओढाताण. हा मुखवटा तिनंच पहिल्या दिवशी भेट दिलेला असतो. एवढ्यावर बाईंनी चित्रपट पेलला आहे. शब्दावर जगणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे पाहून जरा ओशाळायला होतं.

ओशाळण्याचं दुसरंही कारण आहे. चित्रपटात द्युआनाच्या आईचं पत्र येतं. आई निरक्षर, मुलगीही निरक्षर. पत्र साहेब वाचून दाखवतो आणि उत्तर लिहायलाही तोच बसतो, तिला न विचारता, तिच्या नावानं. द्युआना पत्र फाडून टाकते. इथं मी लेकीला म्हटलं, ‘जरा थांबव.’

बँकेतल्या नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. मुंबईत आमच्या दोन खोल्यांच्या घरी कोकणातली एक मुलगी कामाला होती, पंधरा-सोळा वर्षांची. बँकेत रोज अंगठेवाल्या खातेदारांच्या स्लिपा भरून द्यायची मला सवय. साहजिकच तिची पत्रंही मीच लिहायचो. एका रात्री तिनं सांगितलं, ‘भाऊ, लिवा, आये, माका घेवन् जा.’ लेक तान्ही, बायकोची रजा संपत आलेली. मी अंतर्देशीय पत्रावर लिहिलं, ‘मी खुशाल आहे, काळजी करू नये, दिवाळीला येईन.’ आणि वाचून मात्र तिला तिचंच वाक्य दाखवलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. तेही कुणाकडून तरी लिहून घेतलेलं: तू खुशाल असल्याचं कळून बरं वाटलं. तेही मीच वाचलं, आणि या खेपेला बदलायचं मला सुचलं नाही. ती माझ्याकडं पाहत राहिली. काही बोलली नाही. दिवाळीला गेली ती परत आली नाही.

लेकीला मी हे त्या दुपारी पहिल्यांदा सांगितलं. तिनं काही न बोलता चित्रपट पुढं सुरू केला.

शेवटी साहेब द्युआनाची पेटी, मुखवटा आणि राहिलेला पगार घेऊन डाकारला तिच्या आईकडं जातो. आई पैसे घेत नाही. बँकेत इतकी वर्षं पैसे मोजले, पण न घेतलेल्या पैशांचं वजन एवढं असतं हे तिथं कळलं. मग एक लहान मुलगा तो मुखवटा तोंडावर धरून साहेबाच्या मागं चालत राहतो, आणि साहेब पावलं उचलत पळ काढतो.

एवढा गाजावाजा झालेल्या नटीपुढं आपल्याकडे निर्मात्यांची रांग लागली असती. तिथं मुळात चित्रपटच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सेम्बेन यांच्या ‘एमिताई’मध्ये, १९७१ साली, त्या पुन्हा दिसल्या. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यानं गावाकडून भात मागितलं, आणि बायकांनी ते लपवून ठेवलं, त्याची ही गोष्ट. तिथं नायिका अशी कुणी नाही, उन्हात बसवून ठेवलेला सगळा गावच्या बायकांचा जथा आहे. म्हणजे नाव जगभर झालं ते एका तासाच्या चित्रपटानं, आणि बाईंना पुढं आयुष्यभर त्या एका झग्यातच पाहिलं गेलं.

आणि मग २०२० मध्ये ‘मिन्योन’ नावाचा फ्रेंच चित्रपट आला. दिग्दर्शिका मैमुना दुकुरे, सेनेगली आईबापांची पॅरिसमध्ये वाढलेली मुलगी. लहान मुलींच्या नाचावरून त्यावर मोठं वादळ उठलं, तो वाद इथं नको. पॅरिसमधल्या सेनेगली कुटुंबातली अकरा वर्षांची मुलगी, बाप गावाकडं दुसरं लग्न करायला गेलेला, आणि घरात त्या लग्नाची तयारी करवून घेणारी एक कडक म्हातारी आत्या. कामं सांगणारी, नियम लावणारी, पोरीला दरडावणारी. ही म्हातारी म्हणजे म्बिसीन तेरेझ दियोप. मधे चोपन्न वर्षं गेलेली. जी ‘हो, बाईसाहेब’ म्हणत होती, तिच्या हातात आता घराच्या चाव्या. ही आत्या मला आवडली नाही, आणि ती आवडू नये असंच काम बाईंनी केलं आहे.

चेहरा ओळखू येईना, पण वळताना पाठ ओळखू आली. लेकीनं विचारलं, ‘बाबा, खालची इंग्रजी अक्षरं लहान दिसतायत का? मोठी करू?’

मी म्हटलं, ‘अक्षरं राहू देत. आवाज वाढव.’