अंश, छेद आणि कंपनीची तब्येत

करंट रेशो दोनच्या वर, डेट-इक्विटी एकच्या खाली, आरओई वीस टक्क्यांच्या पुढे; या चाळणीतून उरतील ते शेअर डोळे झाकून घ्या. शेअर बाजारात नव्याने उतरलेल्या माणसाला हा सल्ला कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सॲप गटावर मिळतोच. चाळणी लावायला आता मेहनतही पडत नाही. पूर्वी ताळेबंद समोर ठेवून कॅल्क्युलेटर बडवावा लागे. आज कंपनी स्वतःच गुणोत्तरं छापून देते. कंपनी कायद्याच्या अनुसूची तीनमध्ये मार्च २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०२१-२२ पासून कंपन्यांना हिशेबाच्या टिपांमध्ये अकरा गुणोत्तरं द्यावी लागतात. त्याच दुरुस्तीत दोन अटी आहेत, त्यांच्याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. प्रत्येक गुणोत्तराच्या अंशात काय धरलं आणि छेदात काय धरलं, ते सांगायचं. आणि मागच्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त फरक पडला असेल, तर त्याचं कारण द्यायचं.

माझ्या मते त्या अकरा आकड्यांपेक्षा या दोन अटींची किंमत जास्त आहे. गुणोत्तर म्हणजे शेवटी शाळेत शिकलेला अपूर्णांकच. तो वाढला, तर वरचा आकडा वाढला की खालचा घटला, हे कळल्याशिवाय आनंद मानायचा की काळजी करायची, तेच ठरत नाही.

गैरसमज : करंट रेशो दोन म्हणजे कंपनी ठणठणीत

चालू मालमत्तेला चालू देण्यांनी भागलं की करंट रेशो येतो. वर्षभरात रोख होऊ शकेल अशी मालमत्ता वर, वर्षभरात चुकती करायची देणी खाली. एकाला दोन हे प्रमाण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकी बँका कर्जदार पारखताना वापरू लागल्या. हिशेब सरळ होता: कंपनी बुडाली आणि माल निम्म्या भावाने विकावा लागला, तरी देणी भागावीत. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये नेमलेल्या टंडन समितीने खेळत्या भांडवलाच्या कर्जासाठी जी दुसरी पद्धत सुचवली, तीत चालू मालमत्तेचा किमान चौथा हिस्सा दीर्घ मुदतीच्या पैशातून उभा करायचा होता. गणित केलं की करंट रेशो १.३३ येतो. कर्जाचा अर्ज घेऊन बँकेत गेलेल्या कारखानदाराच्या कानावर हाच आकडा पडत आलाय. दोनचा आग्रह आपल्या बँकांनी कधीच सोडला. तो धरून बसलाय तो पाठ्यपुस्तक वाचलेला गुंतवणूकदार.

बरं, हा आकडा हलवणं किती सोपं आहे ते पाहा. एका कंपनीची चालू मालमत्ता १५० कोटी आणि चालू देणी १०० कोटी आहेत. रेशो १.५. तीस मार्चला तिने ५० कोटींची रोकड काढून पुरवठादारांची बिलं चुकती केली. आता मालमत्ता १००, देणी ५०, रेशो २. धंदा तोच, माल तोच, कंपनीकडे उलट रोकड कमी. पण ताळेबंद ३१ मार्चचा असल्यामुळे छापून येणार तो २. यात बेकायदा काहीही नाही.

वरचा आकडा कशाने फुगलाय, हाही प्रश्न आहेच. गोदामात न खपलेला माल साठत गेला, ग्राहकांकडची उधारी थकत गेली, की चालू मालमत्ता वाढते आणि रेशो सुधारतो. आजारीपण वाढताना तब्येत सुधारल्यासारखी दिसते ती अशी. म्हणूनच २०२१ च्या त्या दुरुस्तीने कंपन्यांना उधारीचं वयही जाहीर करायला लावलंय: सहा महिन्यांच्या आतली किती, तीन वर्षांवरची किती. करंट रेशो पाहिला की लगेच तो तक्ता उघडावा. उलट, साबण-बिस्किटं विकणाऱ्या कित्येक दणकट कंपन्यांचा रेशो एकच्या आसपास किंवा त्याखालीही असतो. त्यांचा माल काही दिवसांत विकला जातो, वितरकांकडून पैसे लगेच येतात आणि पुरवठादारांना मात्र दोन-तीन महिन्यांनी द्यायचे असतात. म्हणजे धंदा दुसऱ्यांच्या पैशावर चालतो. तिथे कमी रेशो हे दुबळेपणाचं नव्हे, बाजारातल्या वजनाचं लक्षण असतं.

महाराष्ट्राला जवळचं उदाहरण साखरेचं. ऊस गाळपाचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलला आटोपतो. साखर विकली जाते ती वर्षभर. त्यामुळे ३१ मार्चला कारखान्याची गोदामं भरलेली, त्या साखरेवर उचललेलं मालतारण कर्ज शिगेला आणि शेतकऱ्यांच्या उसाची देणीही डोक्यावर. नियम ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे देण्याचा आहे, पण साखर विकल्याशिवाय पैसा कुठून यायचा? आता मालसाठा वर्षातून किती वेळा फिरला, हे काढायला आपण सुरुवातीचा आणि अखेरचा साठा घेऊन सरासरी काढतो. साखर कंपनीच्या बाबतीत हे दोन्ही दिवस ३१ मार्चचे, म्हणजे दोन्ही शिखरावरचे. सरासरी हा शब्दच तिथे खोटा पडतो. सप्टेंबरअखेरचे सहामाही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय साखर कंपनीबद्दल बोलूच नये, आणि तिची तुलना औषध कंपनीशी तर मुळीच करू नये.

गैरसमज : आरओई जितका जास्त, तितकी कंपनी कर्तबगार

भागधारकांच्या शंभर रुपयांवर कंपनीने किती नफा कमावला, हे आरओई सांगतो. नेस्ले इंडियाचं २०१९ चं वर्ष घ्या. तेव्हा या कंपनीचं हिशेबाचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असे. २०१८ मध्ये निव्वळ नफा १,६०० कोटींहून थोडा जास्त होता आणि वर्षाअखेरीस भागधारकांचा निधी सुमारे ३,६७० कोटी. आरओई आला ४४ टक्क्यांच्या आसपास. २०१९ मध्ये नफा सुमारे १,९७० कोटींवर गेला. वाढ चांगलीच, बावीस-तेवीस टक्क्यांची. आरओई मात्र शंभरच्या पुढे गेला! कारण त्या वर्षी कंपनीने साठलेल्या नफ्यातून शेअरमागे १८० रुपयांचा खास लाभांश वाटला आणि भागधारकांचा निधी सुमारे १,९३० कोटींवर उतरला. अंश पावपट वाढला, छेद जवळपास निम्मा झाला.

यात कंपनीचा काही दोष नाही. नको असलेला पैसा मालकांना परत करणं हे शहाणपणाचंच. पण व्यवस्थापन एका वर्षात दुप्पट कर्तबगार झालं, असा अर्थ काढणारा फसला. गंमत म्हणजे छेदात वर्षाअखेरचा निधी न घेता दोन वर्षांची सरासरी घेतली, तर तोच आरओई सत्तर टक्के येतो. एकच कंपनी, एकच वर्ष, आणि दोन्ही उत्तरं बरोबर. अंशात-छेदात काय धरलं ते सांगा, असं कायदा म्हणतो ते यासाठी.

छेद लहान करण्याचा दुसरा मार्ग कर्जाचा. या सापळ्यावरचा उतारा अमेरिकेतल्या द्यू पाँ या रसायन कंपनीत शंभर वर्षांपूर्वी सापडला. तिथल्या डोनाल्डसन ब्राउन याने परताव्याची फोड करण्याची रीत बसवली. पुढे वाढत जाऊन तिचे तीन तुकडे झाले: विक्रीवर नफा किती टक्के, मालमत्तेच्या किती पट विक्री, आणि स्वतःच्या भांडवलाच्या किती पट मालमत्ता. या तिघांचा गुणाकार म्हणजे आरओई. पहिले दोन तुकडे धंद्याबद्दल बोलतात, तिसरा उधारीबद्दल. आरओई वाढला आणि तो फक्त तिसऱ्यामुळे वाढला असेल, तर कंपनी जास्त कमवत नाहीये, जास्त जोखीम घेतेय. विक्रीवर चार-पाच टक्केच नफा राहणारं किराणा दुकानांचं जाळं आणि वीस टक्के मिळवणारी औषध कंपनी यांचा आरओई सारखा का येऊ शकतो, हेही दुसऱ्या तुकड्यातून उमगतं. किराणा फिरतोच भराभर.

आणि एक विनोद. तोटा साचून निधी उणे झालेल्या कंपनीला पुन्हा तोटा झाला, तर उणे भागिले उणे, म्हणजे आरओई अधिक! आंधळी चाळणी अशी कंपनीही वर ठेवू शकते.

गैरसमज : कर्ज कमी, म्हणजे धोका कमी

डेट-इक्विटी म्हणजे स्वतःच्या भांडवलाच्या किती पट कर्ज. पण कर्ज किती, यापेक्षा ते कधी फेडायचं आणि कशातून, हे महत्त्वाचं. पायाभूत सुविधांना वित्तपुरवठा करणाऱ्या आयएल अँड एफएसचं उदाहरण घ्या. जुलै २०१८ मध्ये या कंपनीचा पतदर्जा सर्वोच्च, म्हणजे ट्रिपल ए होता. सप्टेंबर संपायच्या आत ती थकबाकीदार ठरली. समूहावरचं कर्ज नव्वद हजार कोटींहून जास्त, आणि रस्ते-पुलांसारख्या वीस-वीस वर्षांच्या कामांत गुंतलेला पैसा बराचसा अल्प मुदतीच्या उसनवारीतून फिरवलेला. एकट्या मूळ कंपनीचा डेट-इक्विटी पाहणाऱ्याला शेकडो उपकंपन्यांत विखुरलेलं ओझं दिसलंच नसतं. म्हणून एकत्रित ताळेबंद पाहायचा, आणि टिपांमधली ‘संभाव्य देणी’ वाचायची. दुसऱ्यांसाठी दिलेल्या हमी तिथे असतात.

व्याज भरण्याची ताकदही तपासा: व्याज आणि कर यांच्याआधीचा नफा व्याजाच्या किती पट आहे? तो दीडपट असेल, तर एक वाईट वर्ष पुरे. शिवाय १ एप्रिल २०१९ पासून भाडेकरारांचे हिशेब बदलले. भाड्याने घेतलेली विमानं आणि दुकानं यांची पुढच्या वर्षांची देणी ताळेबंदात आली आणि विमान कंपन्यांचा डेट-इक्विटी एका रात्रीत वाढला. एक रुपयाही नवं कर्ज घेतलं नव्हतं. २०१९ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे एका रेषेत मांडून आलेख काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

गैरसमज : नफा आहे, मग पैसा असणारच

अमेरिकेतली डब्ल्यू. टी. ग्रँट ही हजारावर दुकानांची साखळी ऑक्टोबर १९७५ मध्ये दिवाळखोरीत गेली. १९७३ मध्ये तिचा शेअर नफ्याच्या जवळपास वीसपट भावाने विकला जात होता. नफ्याचे आकडे वर्षानुवर्षं बरे होते, पण प्रत्यक्ष व्यवहारातून येणारी रोकड दिवाळखोरीआधीच्या दहा वर्षांत बहुतेक वेळा उणेच होती. माल उधारीवर विकला, विक्री नोंदली, नफा धरला. पैसा ग्राहकांकडेच राहिला. नंतर दोन अभ्यासकांनी रोख प्रवाहाचं गणित मांडलं, तेव्हा दुखणं किती आधीपासून दिसत होतं ते कळलं. पाच वर्षांच्या निव्वळ नफ्याची बेरीज आणि त्याच पाच वर्षांत व्यवसायातून आलेल्या रोकडीची बेरीज शेजारी ठेवा. दुसरी पहिलीच्या निम्मीही नसेल, तर बाकीची गुणोत्तरं काढण्याआधी कारण शोधा.

गैरसमज : लेखापरीक्षण झालंय, म्हणजे आकडे खरेच

सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचं ७ जानेवारी २००९ चं कबुलीपत्र हा या गैरसमजावरचा सर्वांत महागडा खुलासा. सप्टेंबर २००८ अखेर पुस्तकात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोकड-शिलकीपैकी ५,०४० कोटी नव्हतेच. त्या तिमाहीत व्यवहारातला नफा विक्रीच्या २४ टक्के दाखवला होता. खरा होता ३ टक्के. नसलेल्या ठेवींवर ३७६ कोटींचं येणं व्याजही दाखवलेलं. काही महिन्यांपूर्वीच कंपनीला उत्तम कारभाराचा पुरस्कार मिळाला होता, हे जाता जाता. सत्यमची गुणोत्तरं काढणाऱ्यांचा भागाकार चुकला नव्हता. भागाकार खोट्या आकड्यांचा होता.

बँकांचं तर शास्त्रच वेगळं. त्यांना करंट रेशो नि डेट-इक्विटी लावण्यात अर्थ नाही, कारण ठेवी म्हणजे कर्जच. तिथे थकीत कर्जं आणि भांडवल पर्याप्तता पाहतात. पण मुंबईतल्या पीएमसी बँकेने मार्च २०१९ ला थकीत कर्जं ३.७६ टक्के दाखवली आणि सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. नंतर उघड झालं, की एकाच बांधकाम समूहाला दिलेलं कर्ज एकूण कर्जाच्या सुमारे ७३ टक्के होतं आणि ते हजारो बनावट खात्यांआड दडवलेलं होतं.

उरला कंपनी बुडेल का, याचा एकाच आकड्यात निकाल देणारा झेड स्कोअर. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या एडवर्ड ऑल्टमन यांनी १९६८ मध्ये तो ६६ अमेरिकी उत्पादक कंपन्यांवरून बांधला: १.८१ च्या खाली धोका, २.९९ च्या वर सुरक्षित. सूत्र उपयोगी आहे, पण सॉफ्टवेअर कंपनीला किंवा बँकेला ते जसंच्या तसं लावणं म्हणजे त्याचा गैरवापर.

तुमच्याकडे ज्या कंपनीचे शेअर आहेत, तिचा वार्षिक अहवाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. गुणोत्तरांची टीप उघडा आणि २५ टक्क्यांहून जास्त फरकाचं कारण काय दिलंय ते वाचा. पुष्कळ ठिकाणी ‘नफ्यात वाढ झाल्यामुळे’ एवढंच लिहिलेलं आढळेल, जे कारण नसून तोच आकडा शब्दांत सांगणं आहे. एक शेअर असलेल्या भागधारकालाही वार्षिक सभेत प्रश्न विचारता येतो. बऱ्याच कंपन्यांच्या सभा आता ऑनलाइन होतात आणि बोलायचं असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं. मुदत सभेच्या नोटिशीत दिलेली असते.