गिरडच्या दगडातला विद्युतभार

वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडला शेख फरीद बाबांच्या दर्ग्याची टेकडी आहे. टेकडीवर गोल गोल दगड पडलेले दिसतात. बाबांची टिंगल करणाऱ्या दोन व्यापाऱ्यांचा नारळ वगैरे माल शापाने दगड झाला, अशी आख्यायिका.

भूविज्ञानाच्या हिशेबी हे दगड म्हणजे झिओलाइट या खनिजाच्या गाठी. आख्यायिका जास्त रंगतदार, हे मान्य. पण दगडाच्या पोटातली गोष्टही कमी नाही.

झिओलाइटचा सांगाडा सिलिकॉन, अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजनचा. सिलिकॉनचा भार अधिक चार, अॅल्युमिनियमचा अधिक तीन. त्यामुळे सिलिकॉनच्या जागी अॅल्युमिनियम बसला की एक ऋणभार शिल्लक उरतो. तो फेडायला सोडियम, कॅल्शियमचे धन आयन सांगाड्यातल्या पोकळ्यांत येऊन बसतात, सोबत पाणीही. एकूण हिशेब शून्य, म्हणून हाताला झटका बसत नाही!

हे आयन भाडेकरूंसारखे: जागा बदलतात. कपड्यांच्या पावडरीतला कृत्रिम झिओलाइट जड पाण्यातलं कॅल्शियम ओढून घेतो आणि सोडियम सोडतो. अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या 1979 च्या अणुअपघातानंतर दूषित पाण्यातलं किरणोत्सारी सीझियम असंच झिओलाइटने गाळलं.

दख्खनच्या काळ्या पाषाणात, नाशिक-पुण्याकडे, स्कोलेसाइट नावाचा सुयांसारखा पांढरा झिओलाइट सापडतो. त्याचा स्फटिक तापवला की, एकूण हिशेब शून्य राहूनही, दोन टोकांवर विरुद्ध भार जमतात.